दोन चित्रकार, एक छोटे दालन: प्रदर्शन कसे मांडावे

दोघांनी मिळून प्रदर्शन करायचे ठरले की पहिला विषय बहुधा भिंतींच्या वाटणीचा निघतो. डावीकडची भिंत तुझी, उजवीकडची माझी, समोरची अर्धी अर्धी, हा हिशोब दोन मित्रांना पाच मिनिटांत पटतो आणि कोणाचे मनही दुखावत नाही. मात्र प्रदर्शनाचे नुकसान तिथूनच सुरू होते. एकट्याच्या प्रदर्शनात पाहणारा एका माणसाच्या कामात हळूहळू शिरतो, समूहाच्या प्रदर्शनात तो चित्रामागून चित्र पाहत पुढे सरकतो, आणि दोघांच्या प्रदर्शनात तो नकळत तुलना करू लागतो. ही तुलना आपण योजली नाही, तर ती कोणाचे काम सरस आणि कोणाचे महाग एवढ्यावर येऊन थांबते. ती नीट योजली, तर एकाच्या कामाशेजारी दुसऱ्याच्या कामातली एरवी नजरेतून सुटणारी गोष्ट ठळक होते. छोट्या दालनात तर दोघांची कामे एकाच नजरेच्या टप्प्यात येतात, त्यामुळे ही संधी तिथे अधिक आहे आणि चुकीला लपायला जागा नाही.

पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः पुण्यातल्या एका 14 बाय 20 फुटांच्या दालनात मी केलेल्या मांडणीवरून लिहिले आहे. एक चित्रकर्ती हातकागदावर मोठी काष्ठमुद्राचित्रे, म्हणजे कोरलेल्या लाकडी फळीवरून घेतलेले छाप, करणारी होती. तिचा विषय पाडल्या जाणाऱ्या चाळींच्या गॅलऱ्या, कठडे आणि जिने हा होता. दुसरा चित्रकार जुन्या पत्र्याच्या ट्रंका कापून, ठोकून, त्यांचे कोपरे आणि कड्या तशाच ठेवून भिंतीवरची आणि जमिनीवरची शिल्पे करीत असे. दोघांचे माध्यम वेगळे आणि हातही वेगळे होते, पण घर सोडण्याचा विषय दोघांच्याही कामात होता.

दालन निवडताना

मुंबईत 1952 पासून उभ्या असलेल्या जहांगीर कलादालनात तारीख मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते, म्हणून अनेक जण छोट्या दालनाकडे नाइलाजाचा पर्याय म्हणून पाहतात. हे मला पटत नाही. गॅलरी केमोल्ड 1963 मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावरच्या लहान जागेत सुरू झाली आणि 2007 मध्ये प्रेस्कॉट रोडवर जाईपर्यंत भारतीय आधुनिक कलेतली अनेक महत्त्वाची नावे त्याच जागेत लोकांसमोर आली. जागा किती मोठी आहे यापेक्षा ती आपल्या कामाला किती जवळून पाहू देते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

दालन पाहायला जाताना दोघांनीही जावे, आणि एकदा दुपारी व एकदा दिवेलागणीनंतर जावे. भिंत विटांची आहे की प्लायवूडची, खिळा ठोकू देतात की वरच्या पट्टीवरून तारेनेच टांगावे लागते, दिव्यांची पट्टी कुठून कुठवर जाते, मोठे काम दारातून आणि जिन्यातून आत येते का, हे सगळे मोजपट्टी हातात घेऊन पाहावे. भिंतीला तळहात लावून ओल आहे का ते तपासावे. कोकणपट्टीत आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात कागदावरची कामे मांडणे मी टाळतो, कारण हवेतल्या दमटपणाने कागद फुगतो, त्याला लाटा येतात आणि फ्रेमच्या आत बुरशी धरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कामांनाही सोसतो आणि लोकही त्या दिवसांत प्रदर्शने पाहायला अधिक बाहेर पडतात.

दालन भाड्याने घेतलेले आहे की दालनमालकच प्रदर्शन करीत आहे, यावर पुढचे सगळे व्यवहार ठरतात. भाड्याच्या दालनात खर्च आपला आणि विक्रीही आपली असते. व्यावसायिक दालनात जागा आणि प्रसिद्धी त्यांची असते आणि विक्रीतला एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंतचा वाटा ते घेतात. कोणता प्रकार आपल्याला परवडतो हे दोघांनी आधी एकमेकांशी मोकळेपणाने बोलून घ्यावे, कारण दोघांची आर्थिक ऐपत क्वचितच सारखी असते.

काय मांडावे आणि काय घरी ठेवावे

आता भिंतीचा हिशोब करू. 14 बाय 20 फुटांच्या खोलीचा घेर 68 फूट होतो. रस्त्याकडची 14 फुटांची बाजू काचेची असेल तर 54 फूट उरतात. आतल्या कचेरीचे दार आणि विजेच्या बटणांची जागा मिळून आणखी 6 फूट गेले की हातात 48 फूट राहतात. काम सरासरी अडीच फूट रुंद धरले आणि दोन कामांमध्ये दोन फूट मोकळी भिंत सोडली, तर एका कामाला साडेचार फूट लागतात. म्हणजे भिंतीवर दहा कामे बसतात, अकरावे बसवायला गेलो तर कोपऱ्यात घुसमटते. दोघांनी मिळून तीस कामे आणली असतील तर वीस परत जाणार आहेत, ही गोष्ट पहिल्याच बैठकीत बोलून टाकावी. त्यातून येणारे दुःख खरे असते आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

निवड करताना मी एक रीत पाळतो. दोघांच्याही सर्व कामांचे छोटे रंगीत प्रिंट प्रमाणात काढून घ्यायचे, म्हणजे एक फुटाला एक सेंटिमीटर असे काही, आणि ते जमिनीवर पसरायचे. पहिल्या फेरीत चित्रकर्तीने आपल्या जोडीदाराची कामे निवडायची आणि त्याने तिची. स्वतःची कामे निवडताना आपण त्यांच्यावर घेतलेले कष्ट मोजतो, दुसऱ्याची निवडताना मात्र आपल्याला फक्त काम दिसते. पुण्याच्या त्या मांडणीत तिने त्याचे एक अगदी छोटे काम उचलले, ट्रंकेच्या झाकणाचा एक तुकडा, ज्यावर आतल्या बाजूला चिकटवलेल्या जुन्या वर्तमानपत्राची पिवळी पडलेली कड राहिली होती. तो ते काम आणणारही नव्हता. तिने ते आपल्या सहा फुटी जिन्याच्या मुद्राचित्राशेजारी ठेवले आणि दोन्हींमधली गंजाची व शाईची तपकिरी-काळी रेघ एकदम एकमेकींशी बोलू लागली. संपूर्ण प्रदर्शनाची दिशा त्या क्षणी ठरली.

अशा तीन-चार जोड्या सापडल्या की पुरे. प्रत्येक काम जोडीने लावण्याचा आग्रह धरू नये. तसे केले की पाहणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी साम्य शोधण्याचा अभ्यास दिल्यासारखे वाटते. काही कामे एकटी राहू द्यावीत, आणि दोघांपैकी एकाची संख्या जास्त झाली तर होऊ द्यावी. त्या प्रदर्शनात तिची चार कामे होती आणि त्याची नऊ: भिंतीवर सहा आणि जमिनीवर तीन. तिच्या चार कामांनी व्यापलेली भिंत त्याच्या सहांपेक्षा जास्त होती, त्यामुळे पाहणाऱ्या कोणालाही कोणी कमी आहे असे जाणवले नाही. समतोल आकड्यांवर अवलंबून नसतो, तो दालनात शिरल्यावर डोळ्यांना जाणवावा लागतो.

जमिनीवरच्या कामांसाठी चौथऱ्याची उंची ठरवताना काम वरून पाहायचे आहे की बाजूने, हे आधी ठरवावे. कोणत्याही शिल्पाभोवती किमान तीन फूट वाट मोकळी हवी, कारण भिंतीवरचे चित्र पाहताना माणूस मागे सरकतो आणि त्याच्या पाठीमागे काय आहे हे त्याला दिसत नाही. पत्र्याच्या धारदार कडा असतील तर त्या घासून बोथट कराव्यात किंवा ते काम मुलांच्या हाताबाहेर ठेवावे.

फ्रेम

आपल्याकडे कलाव्यवहार आणि फ्रेमचा धंदा यांचे नाते जुने आहे. केमोल्डचे संस्थापक केकू गांधी यांचा व्यवसायही आधी चित्रांच्या फ्रेमांचा होता आणि गॅलरी त्यातून पुढे आली. तरीही फ्रेम हा खर्च चित्रकार सर्वांत शेवटी धरतो आणि सर्वांत आधी कापतो. माझ्या एका सुरुवातीच्या मांडणीत आम्ही घाईने जलरंगातील चित्रांना माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, न लावता थेट काच लावून घेतली होती. पावसाळी हवेत काचेच्या आतल्या बाजूला दव धरले, कागद काचेला चिकटला आणि एका चित्राच्या आकाशाचा तुकडा काचेबरोबर निघून आला. ते चित्र पुन्हा कोणाला करता येणार नव्हते. तेव्हापासून कागदावरच्या कामाला आम्लमुक्त माउंट किंवा कडेने लपवलेली पट्टी देऊन काच आणि कागद यांच्यात अंतर ठेवल्याशिवाय मी काम स्वीकारत नाही. साधा स्वस्त पुठ्ठा मागे लावला तर काही वर्षांत कागदावर पिवळे डाग उमटतात, म्हणून पाठीमागचा पुठ्ठाही आम्लमुक्तच मागावा.

दोघांच्या फ्रेमा एकसारख्या असाव्यात का, हा प्रश्न नेहमी येतो. माझे मत असे आहे की त्या एकमेकींच्या आड येऊ नयेत एवढे पुरे. तिच्या मुद्राचित्रांना आम्ही पातळ काळसर सागवानी पट्टी दिली आणि त्याच्या पत्र्याला फ्रेमच दिली नाही. भिंतीपासून एक इंच पुढे येईल अशी लाकडी ठोकळी मागे लावली, त्यामुळे प्रत्येक तुकड्याची सावली भिंतीवर पडली आणि तीच त्याची फ्रेम झाली.

मुद्राचित्रांच्या बाबतीत माउंटची खिडकी कापताना चित्राखालची पेन्सिलीची ओळ झाकली जाणार नाही, हे पाहावे. त्या ओळीत डावीकडे आवृत्तीचा क्रमांक असतो, जसे 3/8, म्हणजे आठ छाप्यांपैकी तिसरा, आणि उजवीकडे सही असते. विकत घेणाऱ्याला ती दिसली पाहिजे.

टांगणी

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी टांगणी करू नये. मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा. पहिल्या दिवशी सर्व कामे त्यांच्या ठरलेल्या जागी भिंतीला टेकवून, खाली फोमच्या पट्ट्या घालून, नुसती उभी करावीत आणि मग दोघांनी बाहेर जाऊन चहा घेऊन यावे. परत आत शिरताना जी नजर असते ती प्रेक्षकाच्या नजरेच्या सर्वांत जवळची असते. दारातून पहिले काय दिसते, उजवीकडे वळावेसे वाटते की डावीकडे, कोणते काम शेजारच्या कामाला खाऊन टाकते, हे त्या एका मिनिटात कळते. जागा बदलायच्या असतील तर तेव्हाच बदलाव्यात, खिळे ठोकल्यानंतर मन लवकर तयार होत नाही.

चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर यावा, असा दालनांचा रिवाज आहे, कारण उभ्या माणसाची नजर साधारण त्या उंचीवर असते. आपल्याकडच्या प्रेक्षकांची उंची ध्यानात घेऊन मी 57 इंच धरतो. त्याचा हिशोब एकदा समजून घेतला की सुताराशिवायही काम होते. समजा चित्र फ्रेमसकट 30 इंच उंच आहे. त्याचा अर्धा भाग 15 इंच. म्हणजे चित्राची वरची कड 57 अधिक 15, एकूण 72 इंचांवर येईल. मागची तार मध्यभागी बोटाने वर ताणली असता ती वरच्या कडेपासून 3 इंच खाली राहते असे मोजून पाहिले, तर खिळा 69 इंचांवर हवा. प्रत्येक चित्राची तार वेगळी ताणते, म्हणून हे माप प्रत्येक चित्राचे वेगळे घ्यावे आणि चित्राच्या मागे कागदी टेपवर लिहून ठेवावे. चित्र मोठे असेल तर एक खिळा न ठोकता दोन ठोकावेत, म्हणजे ते वाकडे होत नाही. दोन खिळ्यांत दोन सूत, म्हणजे पाव इंच, फरक पडला तरी चित्र कललेले दिसते, म्हणून दोन्ही खिळ्यांची पातळी स्पिरिट लेव्हलने किंवा पाण्याच्या नळीने तपासावी, आणि दालनाची फरशी सरळ असेल यावर विसंबू नये. जुन्या वाड्यांतून केलेल्या दालनांत फरशी बहुधा एका बाजूला उतरती असते. तिथे सर्व मापे फरशीवरून न घेता भिंतीवर मारलेल्या एका आडव्या दोरीवरून घ्यावीत.

जोडीने लावलेल्या दोन कामांत अंतर किती ठेवावे, यासाठी ठरलेला नियम नाही. त्या जिन्याच्या मुद्राचित्रात आणि झाकणाच्या तुकड्यात आम्ही आधी दोन फूट ठेवले होते, तेव्हा ती दोन वेगळी कामे वाटत होती. सहा इंचांवर आणले तर तुकडा मुद्राचित्राची शोभा वाढवणारी वस्तू वाटू लागला आणि त्याच्या कर्त्याला ते मुळीच आवडले नाही, त्याचे म्हणणे योग्यही होते. शेवटी चौदा इंचांवर दोन्ही कामे स्वतंत्र राहूनही एकमेकांकडे पाहू लागली. हे अंतर शोधायला सव्वा तास लागला आणि सगळ्या टांगणीत त्याच्याइतका सार्थकी लागलेला वेळ दुसरा नव्हता. शेजारी शेजारी लावताना लहान कामाचा मध्य मोठ्या कामाच्या मध्याशी जुळवावा की दोघांच्या खालच्या कडा, हेही असेच डोळ्यांनी ठरवावे. मोजपट्टी फक्त ठरलेले पक्के करण्यासाठी असते.

उजेडाचे थोडे शास्त्र आहे. जलरंग, रंगीत शाई आणि कागद यांना जास्त उजेड कायमचा फिका करतो. संग्रहालयांत अशा कामांवर 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास उजेड ठेवतात, तैलरंगाला 150 ते 200 लक्सपर्यंत चालतो. आठवड्याभराच्या प्रदर्शनात इतके काटेकोर राहण्याची गरज नसली, तरी कागदावर थेट ऊन पडू देऊ नये. दिवा भिंतीच्या फार जवळ असला की फ्रेमची लांब सावली चित्रावर पडते आणि फार लांब असला की पाहणाऱ्याचीच सावली पडते. उभ्या रेषेशी साधारण 30 अंशांचा कोन दोन्ही टाळतो. सर्व दिवे एकाच छटेचे असावेत. पिवळट आणि पांढरा उजेड मिसळला की एकाच कागदाचे दोन रंग दिसू लागतात.

भिंतीवरचा मजकूर

चिठ्ठीवर कर्त्याचे नाव, कामाचे शीर्षक, माध्यम, आकार आणि वर्ष एवढेच लिहावे. आकारात उंची आधी आणि रुंदी नंतर देण्याची पद्धत आहे. किमती वेगळ्या कागदावर ठेवाव्यात. दोघांची कामे मिसळून लावलेली असल्यामुळे चिठ्ठ्या प्रत्येक कामाच्या एकाच बाजूला, एकाच उंचीवर असणे इथे विशेष गरजेचे आहे, नाहीतर कोणते काम कोणाचे हा घोळ होतो.

दारापाशी लावायचे निवेदन दीडशे शब्दांपुढे जाऊ देऊ नये आणि ते मराठीत, मुळातूनच मराठीत लिहावे. इंग्रजीत लिहून मग भाषांतर केलेली निवेदने मी अनेक दालनांत वाचली आहेत. त्यांत 'अवकाश', 'स्मृती' आणि 'अस्तित्व' हे शब्द असतात आणि चाळ, जिना, ट्रंक हे शब्द नसतात. भिंतीवर जे समोर दिसत आहे त्याचे नाव आधी घ्यावे. ते काम कशापासून आणि कसे केले, दोघे एकत्र का आले, हे साध्या वाक्यांत सांगितले की चित्रकलेची सवय नसलेला माणूसही आत दोन पावले अधिक येतो.

कागदपत्रे आणि पैसे

दोघांमध्ये आणि दालनाशी जे ठरेल ते एका पानावर लिहून सही करावी: खर्चाची विभागणी, विक्रीतला वाटा, पैसे किती दिवसांत मिळणार, नुकसान झाल्यास भरपाई कोणाची, न विकलेली कामे कधी परत मिळणार. काम दालनात सुपूर्द करताना यादीसोबत प्रत्येक कामाची पुढून आणि मागून छायाचित्रे काढून, आधीचे ओरखडे नोंदवून पोच घ्यावी. चित्र विकले म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला असे होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो हक्क लेखी करार करून दिल्याशिवाय साधारणपणे चित्रकाराकडेच राहतो. मात्र कोणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा होतो. हे घेणाऱ्यालाही नम्रपणे सांगावे.

दोघांच्या किमतींत फार मोठी तफावत असेल तर दोघांनीही आपली नेहमीचीच किंमत ठेवावी. जोडीदाराला बरे वाटावे म्हणून कमी केलेली किंमत आधीच्या ग्राहकांवर अन्याय करते.

उद्घाटन, दालनात बसणे आणि उतरवणी

दीपप्रज्वलन करायचे असेल तर समई कामांपासून आणि पडद्यांपासून दूर, शक्यतो दाराबाहेर ठेवावी; काजळी कागदावर बसली की निघत नाही. भाषणे दहा मिनिटांत आटोपावीत आणि वयस्कर मंडळींसाठी चार खुर्च्या आत असाव्यात. आपल्याकडे प्रात्यक्षिकाची फार चांगली परंपरा आहे, तिचा उपयोग करावा. पुण्याच्या प्रदर्शनात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चित्रकर्तीने लाकडाच्या फळीवर कोरून एक छोटा छाप घेऊन दाखवला आणि तिच्या जोडीदाराने पत्रा कसा तापवून सरळ करतात ते सांगितले. त्या दिवशी आलेल्यांपैकी बरेच जण नंतर पुन्हा सगळी कामे पाहत उभे राहिले, आणि या वेळी त्यांची नजर पृष्ठभागावर होती.

दालनात दोघांनी पाळीपाळीने बसावे आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या कामाविषयी नीट बोलता यावे. आपल्याच कामाकडे लोकांना नेण्याचा मोह होतो, तो आवरावा. काम विकले गेले की चिठ्ठीवर लाल टिकली लावतात. केवळ राखून ठेवले असेल तर अर्धी टिकली लावावी आणि आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय पूर्ण लावू नये.

उतरवणीच्या दिवशी घाई असते आणि सर्वाधिक नुकसान त्याच दिवशी होते. काचेवर कागदी टेपच्या फुल्या माराव्यात, म्हणजे काच फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. रंगाच्या पृष्ठभागाला बबल रॅप थेट लावू नये, कारण त्याचे गोल ठसे ताज्या ॲक्रिलिकवर उमटतात. आधी ग्लासीन हा पातळ गुळगुळीत कागद, मग बबल रॅप, आणि फुगे बाहेरच्या बाजूला. टेम्पोत चित्रे आडवी न ठेवता उभी, चेहऱ्याला चेहरा आणि पाठीला पाठ लावून ठेवावीत. विकलेली कामे, परत जाणारी कामे आणि सुपूर्द करतानाची यादी यांचा मेळ दालनातच, दोघांच्या देखत घालावा. मग खिळे काढून भोकांत पुट्टी भरावी, ती वाळली की घासून भिंतीच्या त्याच रंगाचा हात द्यावा, आणि किल्ली परत करताना दालनाच्या माणसाला भिंत दाखवून पोच घ्यावी.